गाडी आठ-दहा महिने उभी ठेवायची आहे. दर रविवारी दहा मिनिटं चालू केली तर पुरेल का?

प्रश्न थोडक्यात असा: पेट्रोलवर चालणारी, मॅन्युअल गिअरची, पाच वर्षं वापरलेली गाडी आहे. मालक आठ-दहा महिने बाहेर असतील. गाडी बंद गॅरेजमध्ये राहील आणि धाकटा भाऊ दर रविवारी येऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवेल. एवढ्यावर भागेल, की आणखी काही करायला हवं?

आधी ते रविवारचं रद्द करा. भाऊ मनापासून करणार आहे याबद्दल शंका नाही, पण उभ्या गाडीचं जेवढं नुकसान या सवयीने होतं तेवढं ती नुसती पडून राहिल्याने होत नाही. आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्यावर मी हे ठामपणे सांगतो. गाडी चालवायची असेल तर रस्त्यावर नेऊन नीट चालवा, नाहीतर नीट तयारी करून तिला हातच लावू नका. मधला मार्ग घातक आहे.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप कळतील. उभ्या गाडीचा मुख्य शत्रू पाणी. पावसाचं पाणी दिसतं तरी, पण इंजिन स्वतः जे पाणी तयार करतं ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी बनतं. ते वाफेच्या रूपात असतं. गाडी रस्त्यावर अर्धा-पाऊण तास पळाली की सायलेन्सर सणसणीत तापतो आणि ही वाफ बाहेर निघून जाते. थंड इंजिन दहा मिनिटं जागेवर चालवलं तर शंभर-सव्वाशे मिलिलिटर पेट्रोल जळतं आणि जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. सायलेन्सरचा मागचा डबा तेवढ्यात तापत नाही, त्यामुळे त्यातली बरीचशी वाफ आतच थंड होऊन पाणी बनते आणि तळाशी साचते. दर रविवारी त्यात भर पडते. असा सायलेन्सर कापून पाहिला तर वरचा पत्रा शाबूत असतो आणि तळाचा पत्रा पापुद्र्यांनी सुटत असतो. गंज आतून लागलेला असतो, म्हणून बाहेरून भोक पडेपर्यंत काही कळत नाही.

इंजिनच्या आतही तेच चालतं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू नेहमीच खाली ऑइलमध्ये उतरतो. त्यात पाण्याची वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं आणि आम्लही असतं. ऑइल चांगलं तापलं तर पाणी आणि पेट्रोल उडून जातात. पण डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. काटा मध्यावर आला तरी ऑइल अजून कोमटच असतं, आणि जागेवर उभ्या गाडीत ते नीट तापायला फार वेळ लागतो. महिना-दोन महिने असं चालू-बंद केलेल्या गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून पाहा. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट, चिकट फेस लागलेला असतो. तो ऑइलमध्ये कालवलेल्या पाण्याचा असतो. हेड गॅस्केट (इंजिनमधलं ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळू न देणारी पट्टी) गेलं की काय या भीतीने लोक गाडी माझ्याकडे आणतात. गॅस्केट बहुतेक वेळा ठणठणीत असतं, इंजिन फक्त कधी पुरेसं तापलेलंच नसतं.

‘निदान बॅटरी तरी चार्ज होईल’ असं वाटतं, पण तेही होत नाही. गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ आणि कॉम्प्युटर थोडा करंट खात राहतात. तो ३० मिलिअँपिअर धरला तर आठवड्याला साधारण ५ अँपिअर-अवर जातात. तेवढे दहा मिनिटांत परत भरायचे तर सतत ३० अँपिअर बॅटरीत जायला हवेत, आणि शिवाय सेल्फ मारताना जे खर्च झाले तेही भरून निघायला हवेत. आयडलवर, म्हणजे इंजिन जागेवर हळू चालताना, त्यात पंखा, पंप आणि दिवे चालू असताना, हे गणित सहसा जमत नाही. दर आठवड्याला थोडी तूट राहते आणि एखाद्या रविवारी सेल्फ नुसता टकटक वाजतो.

आणि सर्वात गंभीर गोष्ट: बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनजवळ उभं राहणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. गॅरेज घराला लागून असेल तर तो घरातही शिरतो. शटर अर्धवट वर केलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. भावाला हे आजच सांगा.

भावाकडे वेळ असेल आणि त्याच्या नावाने विमा चालत असेल, तर महिन्यातून एकदा गाडी बाहेर काढून तीस-चाळीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवायची, गिअर सगळे टाकायचे, ब्रेक चांगले दाबायचे, एसी लावायचा. तेवढं झालं तर खाली लिहिलेल्यातलं अर्धं करायची गरजच राहत नाही. ते जमणार नसेल तर गाडी व्यवस्थित झोपवा. ते कसं करायचं ते आता सांगतो.

निघायच्या एक-दोन आठवडे आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. ‘परत आल्यावर बदलू, नवीन ऑइल उगाच का पडू द्यायचं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा साठलेला असतो, आणि तेच ऑइल बेअरिंगवर महिनोन्‌महिने बसून राहतं. स्वच्छ ऑइल पडून राहिलं तर काही बिघडत नाही. बदलल्यावर गाडी थोडी चालवा, म्हणजे नवं ऑइल सगळीकडे पोचेल. कूलंटही बघून घ्या. त्यात वेळोवेळी साधं पाणी ओतलं गेलं असेल तर गंजरोधक घटक पातळ झालेले असतात. अशा वेळी सगळं काढून कंपनीने सांगितलेलं कूलंट ठरलेल्या प्रमाणात भरा. गोठवणाऱ्या थंडीच्या प्रदेशात हे टाळून चालणारच नाही, कारण पाणी गोठलं तर इंजिनचा ब्लॉक फुटतो. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही आताच बदला. डॉट ३ आणि डॉट ४ ही फ्लुइड हवेतला ओलावा शोषतात. असं ओलं झालेलं फ्लुइड गाडी उभी असताना ब्रेकचे कॅलिपर आणि सिलिंडर आतून गंजवतं.

पेट्रोलबद्दल दोन टोकाचे सल्ले ऐकायला मिळतात. कोणी सांगतं टाकी रिकामी करा, कोणी सांगतं काठोकाठ भरा. इंजेक्शनच्या आजच्या गाडीसाठी मी भरायला सांगतो, पण अगदी गळ्यापर्यंत नाही. उन्हाने पेट्रोल फुगतं, त्याला थोडी जागा लागते. पंपाचं नोजल पहिल्यांदा आपणहून बंद होतं तिथेच थांबा. टाकीत मोकळी जागा जितकी कमी, तितकी आत दमट हवा कमी आणि भिंतीवर ओल धरायला वाव कमी. शिवाय टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहतो, तो कोरडा पडून गंजत नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. पंपाचं तोंडही नेमकं तिथेच असतं. मात्र आताच्या टाक्या बऱ्यापैकी बंदिस्त असतात, त्यामुळे आठ महिन्यांत हे होईलच असं नाही. तरी फ्यूल स्टॅबिलायझर घालायला मी सांगतोच. पेट्रोलचं ऑक्सिडेशन होऊन इंजेक्टरमध्ये जो डिंकासारखा थर बसतो, तो बसणं त्याने लांबणीवर पडतं. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा, आधी ते टाकीत ओता आणि मग वरून पेट्रोल भरा, म्हणजे नीट मिसळतं. त्यानंतर किमान पंधरा मिनिटं गाडी चालवा. हे महत्त्वाचं आहे, कारण औषध फक्त टाकीत राहून उपयोग नाही, ते लाइनमध्ये आणि इंजेक्टरपर्यंत पोचायला हवं. बिघडलेल्या पेट्रोलमध्ये नंतर घातलं तर ते पेट्रोल सुधारत नाही.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी वाटी) रिकामा करा, कारण तिथलं थोडंसं पेट्रोल काही आठवड्यांतच सुकून जेट बंद करतं. डिझेल गाडीचा प्रश्न वेगळा असतो. डिझेल लवकर बिघडत नाही, पण टाकीत पाणी असेल तर पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि काळपट गाळ फिल्टर तुंबवतो. म्हणून वॉटर सेपरेटर आधी रिकामा करा, टाकी भरून ठेवा आणि मुक्काम लांबचा असेल तर डिझेलसाठीचं बायोसाइड, म्हणजे हे सूक्ष्मजीव मारणारं औषध, वापरा.

आता बॅटरी. परत आल्यावर तक्रार बहुधा हिचीच असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वर म्हटलं तो ३० मिलिअँपिअरचा करंट म्हणजे दिवसाला पाऊण अँपिअर-अवर. ४५ अँपिअर-अवरची नवीकोरी बॅटरी या हिशोबाने दोन महिन्यांत रिकामी होते, आणि महिन्याभरातच गाडी सुरू होण्याची खात्री राहत नाही. नुसती रिकामी झाली तर चार्ज करता आली असती. पण लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट चार्जवर पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि तिची ताकद कायमची जाते. म्हणूनच ‘आल्यावर चार्ज करू’ हे चालत नाही. बॅटरी पूर्ण मुक्काम भरलेली राहायला हवी.

सर्वात चांगला उपाय म्हणजे मेंटेनर. हा नेहमीचा चार्जर नव्हे. तो बॅटरीचा व्होल्टेज बघून आपणहून करंट कमी-जास्त करतो आणि महिनोन्‌महिने जोडून ठेवता येतो. जुन्या पद्धतीचा, सतत करंट ढकलणारा चार्जर असा सोडून जाऊ नका. तो बॅटरीतलं पाणी आटवतो आणि त्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. गाडीला स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय) असेल तर बॅटरी बहुधा एजीएम किंवा ईएफबी प्रकारची असते, मेंटेनरवर तो पर्याय निवडा. शिवाय अशा गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक सेन्सर असतो. मेंटेनरची काळी क्लिप थेट टर्मिनलला न लावता बॉडीच्या अर्थिंगच्या जागी लावा, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला किती चार्ज आत गेला तेच कळत नाही.

गॅरेजमध्ये वीज नसेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल सोडा. नेहमी निगेटिव्ह आधी काढायची, आणि लावताना शेवटी लावायची. पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला तर ठिणगी कशी उडते ते पाहण्याची वेळ येऊ नये. केबल काढण्याआधी दोन गोष्टी करा. किल्लीतली धातूची पात दाराच्या कुलपात घालून फिरते का ते बघा. वर्षानुवर्षं रिमोट वापरल्यामुळे ते कुलूप जाम झालेलं असतं, आणि बॅटरी नसताना आत शिरायचा रस्ता तोच. दुसरं म्हणजे रेडिओचा कोड शोधून ठेवा. बॅटरी डिकीत असेल तर डिकी विजेशिवाय उघडते का याची खात्री झाल्याशिवाय ती बंद करू नका.

सुटी केलेली बॅटरीही हळूहळू उतरते, आणि उष्णता जितकी जास्त तितकी लवकर उतरते. भावाला दर दोन महिन्यांनी मल्टिमीटर लावायला सांगा. काही तास निवांत पडलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा वर दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करायची, वाट बघायची नाही. थंड प्रदेशात आणखी एक धोका असतो: भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्याच्या जवळ गेलेलं असतं, ते शून्याच्या थोडं खाली गोठतं आणि डबा फुटतो. आणि हो, बॅटरी काँक्रीटच्या फरशीवर ठेवली की उतरते ही समजूत जुन्या, रबरी डब्यांच्या काळातली आहे. आताच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही.

हँडब्रेक लावून ठेवू नका. गाडी सपाट जागी उभी करा, पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. मागे ड्रम ब्रेक असतील तर हे फारच गरजेचं. ब्रेक शूवरचं लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, ओलावा धरून ठेवतं. ते कास्ट आयर्नच्या ड्रमला दाबून महिनोन्‌महिने राहिलं की मध्ये गंज वाढतो आणि दोन्ही एकमेकांना धरून बसतात. मग लोक क्लच सोडून जोर देतात. कधी मोठा ‘खट्‌’ आवाज होऊन चाक सुटतं, तर कधी लायनर शूपासून उखडून ड्रममध्येच राहतं आणि सगळं खोलावं लागतं. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर तो इंजिन बंद केल्यावर काही गाड्यांत आपणहून लागतो. तो न लागू देण्याची पद्धत मॅन्युअलमध्ये असते, ती वाचून घ्या. गाडी धुतल्यावर लगेच उभी करू नका, हेही याच कारणासाठी. धुऊन झालं की वीस मिनिटं चालवा, ब्रेक चार-पाच वेळा दाबा, म्हणजे डिस्क आणि ड्रम कोरडे होतात.

टायर. सगळं वजन एकाच जागी महिनोन्‌महिने पडलं की टायरचा खालचा भाग सपाट होतो. त्यात हवा दर महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप कमी होत असते, म्हणजे दहा महिन्यांनी ३३ ची २० व्हायला वेळ लागत नाही. उभी करताना नेहमीपेक्षा आठ-दहा पीएसआय जास्त हवा भरा, मात्र टायरच्या बाजूवर कोरलेल्या कमाल आकड्याच्या आतच राहा. स्टेपनी विसरू नका. भाऊ महिन्यातून एकदा गाडी न्यूट्रल करून पाऊण फूट पुढे ढकलू शकला, ठोकळे परत लावू शकला, तर सपाट डागाचा प्रश्न जवळपास संपतो. गाडी जॅक स्टँडवर उचलून ठेवण्याचा सल्ला दहा महिन्यांसाठी मला पटत नाही. सस्पेन्शन लोंबकळत राहतं, सांध्यांतल्या रबरी बुशांवर उलटा ताण येतो, आणि स्टँड नीट जागी बसला नाही तर अपघाताचा धोका वेगळाच. दोन-तीन वर्षांचा मुक्काम असेल आणि चाकांऐवजी सस्पेन्शनच्या आर्मखाली आधार देता येत असेल, तरच त्याचा विचार करा.

उंदरांबद्दल लिहिताना मला हात आखडता घेता येणार नाही. उभ्या गाडीला सर्वात महागात पडतात ते हेच. छोट्या उंदराला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते. आत ऊब असते, अंधार असतो, आणि बोनेटखालचं आवाज रोखणारं अस्तर त्यांना घरट्यासाठी आयतं मिळतं. एअर फिल्टरचा डबा उघडला की आत फोमचे आणि कागदाचे बारीक तुकडे गोलाकार रचलेले, मध्ये लेंड्या, आणि फिल्टरला आरपार भोक, असं दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. तशा अवस्थेत इंजिन चालू केलं तर तो सगळा कचरा थेट आत ओढला जातो. हीटरच्या ब्लोअरमध्ये घरटं असेल तर वास महिनोन्‌महिने जात नाही.

म्हणून गाडीत खाण्याचा कणही ठेवू नका. सीटखालचे चुरे, डिकीतलं प्राण्याचं खाद्य, दाराच्या खणातली चॉकलेटची वेष्टनं, सगळं काढून व्हॅक्यूम करा. एसी बाहेरची हवा घेणाऱ्या स्थितीत नको, रीसर्क्युलेशनवर ठेवा, म्हणजे ती झडप बंद राहते. एअर इनटेकच्या तोंडाला आणि सायलेन्सरच्या टोकाला स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी घट्ट बसवा. कापडाचा बोळा कोंबू नका, ते त्यांना अंथरूणच मिळतं. जाळी लावली की एक ठळक चिठ्ठी लिहून स्टिअरिंगला बांधा: ‘सायलेन्सर आणि इनटेक बंद आहे, हँडब्रेक सोडलेला आहे, बॅटरी काढलेली आहे.’ दहा महिन्यांनी तुम्ही स्वतः हे विसरलेले असाल. सापळे गाडीच्या बाहेर, भिंतीलगत ठेवा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने चालतो. विष नको. विष खाल्लेला उंदीर नेमका डॅशबोर्डच्या मागे जाऊन मरतो. वासाच्या गोळ्या आणि पुदिन्याचं तेल काही दिवस काम करतात, पण वास उडाला की ते पुन्हा येतात, म्हणून केवळ त्यांच्या भरवशावर राहू नका.

धुण्याकडे वळू. वरचा रंग सगळेच चकचकीत करतात. खालची बाजू आणि चाकांच्या कमानींमधला चिखल मात्र राहतो, आणि तो ओल धरून पत्रा खातो. खालून दाबाच्या पाण्याने धुवा, विशेषतः समुद्राजवळ किंवा रस्त्यावर मीठ टाकतात तिथे गाडी वापरली असेल तर. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक रंगावर राहू देऊ नका, त्यानंतर मेणाचा एक थर द्या. दारांच्या आणि डिकीच्या रबरांना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा, म्हणजे ती चिकटत नाहीत. वायपर काचेवर टेकू नयेत म्हणून खाली मऊ कापड ठेवा.

आत बुरशी हा खरा त्रास. बुरशीला दमट हवा आणि थोडी धूळ एवढंच लागतं. बंद करायच्या दिवशी गाडी थांबवण्याच्या दहा मिनिटं आधी एसीचा कंप्रेसर बंद करून पंखा पूर्ण सोडा, त्यामुळे आतला ओला कॉइल सुकतो. पायाखालचे गालिचे काढून घरात ठेवा, त्यांच्याखाली नेहमी ओल सापडते. आत सिलिका जेलच्या किंवा कॅल्शियम क्लोराइडच्या ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवा. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यात पाणी साचतं आणि ते खारट असतं, म्हणून तो पसरट ताटलीत ठेवा आणि भावाला महिन्यातून एकदा रिकामा करायला सांगा. काचा थोड्या उघड्या ठेवण्याचा सल्ला मी देत नाही. उंदरांना वाट मोकळी होते आणि बाहेरची दमट हवा आत येते.

कव्हर घालायचं तर श्वास घेणाऱ्या कापडाचं, आतून मऊ. ताडपत्री किंवा प्लॅस्टिक चालणार नाही, खाली ओल अडकते आणि रंगावर पांढरे फोड येतात. गॅरेजची जमीन ओलसर असेल तर गाडीखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा. जमिनीतून वर येणारी वाफ पत्र्यापर्यंत पोचत नाही, आणि ऑइल कुठे गळत असेल तर तेही दिसतं.

सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (आतून गंज धरू न देणारं फवारायचं तेल) फवारण्याबद्दलही विचारतात. आठ-दहा महिन्यांसाठी तुमच्या गाडीला त्याची गरज नाही. दीड-दोन वर्षांच्या पुढचा मुक्काम, जुनं इंजिन किंवा समुद्रकाठची खारी हवा असेल तर प्लग काढून थोडं फवारावं आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवावं.

कोणाची गाडी इलेक्ट्रिक असेल तर ती शंभर टक्के चार्ज करून सोडू नका, आणि रिकामीही सोडू नका. लिथियम-आयन बॅटरी भरलेली आणि गरम अशी राहिली तर लवकर म्हातारी होते. साधारण अर्धी भरलेली ठेवा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. तिच्यात १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते आणि तीच आधी उतरते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. ॲपवरून गाडीची अवस्था सतत बघू नका, प्रत्येक वेळी गाडी जागी होते आणि चार्ज जातो.

निघण्यापूर्वी विमा कंपनीला एक फोन करा. गाडी उभी असली तरी चोरी आणि आगीचं संरक्षण चालू राहायला हवं, आणि दीर्घ काळ वापरात नसल्यास काय कळवावं लागतं ते कंपनीनुसार वेगळं असतं.

परत आल्यावर घाई करू नका. आधी बोनेट उघडून टॉर्च घेऊन नीट बघा: वायरींवर दातांच्या खुणा, रबरी पाइपांना भेगा, फिल्टरच्या डब्यात घरटं. जाळ्या काढा, चिठ्ठीवरची एकेक ओळ पूर्ण करा. ऑइल, कूलंट आणि ब्रेक फ्लुइडची पातळी बघा, खाली प्लॅस्टिकवर डाग आहेत का बघा. टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे परत आणा. बॅटरी लावण्याआधी व्होल्टेज मोजा आणि गरज असेल तर चार्ज करा.

गॅरेजचं दार पूर्ण उघडा, जमलं तर गाडी ढकलून बाहेर काढा, आणि मगच सेल्फ मारा. बऱ्याच पेट्रोल इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात. तसे पाच-सात सेकंद इंजिन नुसतं फिरवलं तर सुरू होण्याआधीच बेअरिंगवर ऑइल पोचतं. त्यानंतर पाय काढून नेहमीप्रमाणे सुरू करा. पहिली काही सेकंद टॅपेटचा टकटक आवाज येईल, तो ऑइल वर पोचलं की थांबतो. थांबला नाही किंवा ऑइलचा दिवा विझला नाही तर लगेच बंद करा.

गाडी चालू झाल्यावर रेस करू नका, जागेवर तापवत बसू नका. पेडल दाबून ब्रेक घट्ट आहे याची खात्री करा आणि हळू निघा. डिस्कवरचा लाल गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये खरवडून निघतो, तोपर्यंत घरघर येणारच. टायरची थरथर पंधरा-वीस किलोमीटरनंतर टायर तापले की बहुधा जाते. नंतरही राहिली तर तो डाग कायमचा झाला आहे. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असण्याची शक्यता असते, दमट जागेत हे होतं. जबरदस्ती करू नका, मेकॅनिक बोलवा. पहिल्या दिवशी निदान अर्धा तास तरी चालवा, आणि टाकी अर्ध्यावर आली की ताजं पेट्रोल भरा.

टायमिंग बेल्टची गाडी असेल तर तो फक्त किलोमीटरवर नाही तर वर्षांवरही बदलायचा असतो. मीटर हलला नाही म्हणून मुदत पुढे जात नाही. टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक टायर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या गाडीचे मूळ टायर असतील तर परत आल्यावर ते सहाव्या वर्षाच्या घरात असतील. नक्षी कितीही चांगली दिसत असली तरी बाजूच्या रबराला बारीक भेगा आहेत का ते उजेडात वाकवून बघा, आणि दिसल्या तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी टायर बदला.